चावीला पाडलेलं भोक

“चिंचोलकर, हे काय केलंत तुम्ही?”

“नंबर टाकला,” चिंचोलकर म्हणाले आणि मान तिरकी करून माझ्या तळहाताकडे कौतुकानं बघू लागले. “रंगानं टाकावा म्हणलं तर जागाच न्हाई. एवढुशी वस्तू. मग बिल्ला अडकवला. आता कुठं बी हरवायची न्हाई बगा.”

माझ्या तळहातावर विभागाची चावी होती. चावी म्हणजे कुलपाची नव्हे. संगणकाच्या खाचेत खोचायची, अंगठ्याएवढी, निळ्या प्लॅस्टिकची एक वस्तू. आमच्या विभागानं एका परदेशी कंपनीचं आकडेमोडीचं सॉफ्टवेअर घेतलं होतं. त्याचा परवाना एकच, आणि तो या चावीत होता. ती खोचली की सॉफ्टवेअर उघडायचं, काढली की पडद्यावर ‘परवाना सापडत नाही’ अशी पाटी यायची आणि सगळं ठप्प व्हायचं. या चावीच्या बरोबर मधोमध ड्रिलनं आरपार भोक पाडलेलं होतं. भोकातून तार ओवली होती आणि तारेला पितळेचा बिल्ला लटकत होता, एसटीच्या कंडक्टरच्या छातीवर असतो तसा. बिल्ल्यावर विद्यापीठाचं नाव आणि डेड स्टॉकचा, म्हणजे मालमत्तेच्या नोंदवहीतला, नंबर ठोकून उमटवला होता. काम मोठं सुबक होतं, हे मान्य करायला हवं.

आमच्या विद्यापीठात नंबर नसलेली वस्तू म्हणजे बेवारस वस्तू. खुर्च्या, टेबलं, पंख्यांची पाती, पाण्याचा माठ ठेवायची तिवई, सगळ्यांवर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर घातलेले असायचे. भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवरही होता, त्यामुळे आमच्या विभागात चार कधी वाजायचे ते दिसत नसे. लेखापरीक्षण जवळ आलं की भांडारातले चिंचोलकर डबा आणि ब्रश घेऊन फिरायचे. त्या वर्षी त्यांच्या तावडीत चावी सापडली.

मी संगणक कक्षात पळत गेले आणि चावी खोचली. एरवी तिच्या टोकाला हिरवा दिवा लागायचा. तो लागला नाही. काढून पुसली, फुंकली, पुन्हा खोचली. पडद्यावर तीच पाटी. चिंचोलकर माझ्यामागून दारापर्यंत आले होते. आत यायला चपला काढाव्या लागत म्हणून ते उंबऱ्यातच थांबले.

“भोकानं काय झालं काय?” त्यांनी विचारलं. “आत काय असतंय?”

“आत सगळं असतं, चिंचोलकर,” मी म्हणाले आणि मला रडू फुटलं.

रडायचं कारण होतं. जूनअखेर माझी पीएच.डी.ची नोंदणी संपत होती. एकदा मुदतवाढ घेऊन झाली होती, दुसरी मिळत नसे. जूनच्या आत प्रबंध दाखल झाला नाही तर केलेलं सगळं काम पाण्यात. आणि काम तर पाण्याचंच होतं. आमच्या तालुक्यातल्या विहिरींची पातळी वर्षभरात कशी चढते, कशी उतरते, आणि उपसा असाच चालू राहिला तर पुढं काय होईल याचं गणित मी मांडलं होतं. वजन बांधलेली टेप घेऊन उन्हातान्हात गावोगाव हिंडले होते. विहिरीत डोकावणारी पोरगी म्हणून गावकरी आधी घाबरायचे, जीवबीव देतीय की काय म्हणून. मग ओळख झाली, चहा मिळू लागला. त्या सगळ्या नोंदी संगणकात घालून झाल्या होत्या. प्रोग्राम लिहून झाला होता. फक्त तो पूर्ण चालवून शेवटचे आलेख काढायचे राहिले होते, आणि त्यासाठी ती चावी हवी होती.

“बाजारात सीडी मिळते की,” तुषार म्हणाला. तुषार बिडवे माझ्यानंतर दोन वर्षांनी आलेला, त्याच सरांचा विद्यार्थी. स्वभावानं वाईट नव्हता, पण कामाला हात लावायच्या आधी ते दुसरा कुणी करतोय का हे बघून घ्यायचा. “स्टेशनसमोर. चावीबिवी काही लागत नाही.”

“प्रबंधात परवान्याचा क्रमांक लिहावा लागतो,” मी म्हणाले. “चोरीच्या सीडीचा काय लिहू?”

फुकट मिळणारी सॉफ्टवेअरंही तेव्हा होती. पण माझा प्रोग्राम याच सॉफ्टवेअरच्या खास सोयींवर उभा होता. तो मोडून दुसरीकडे उभा करायचा म्हणजे पुन्हा वर्ष गेलं असतं. मग मी सरांकडे गेले.

उटगीकर सर माझे मार्गदर्शक. त्यांच्याविषयी आधी चांगलं सांगायला हवं, नाहीतर मी का फसले ते कळणार नाही. एम.एस्सी. झाल्यावर घरी लग्नाचं चाललं होतं तेव्हा सर स्वतः आमच्या गावी आले होते. ओसरीवर मांडी घालून वडिलांना म्हणाले, “ढवळे, तुमची वैजयंती माझ्या मुलीसारखी आहे. मला चार वर्षं द्या.” वडिलांनी आयुष्यात प्राध्यापक इतक्या जवळून पाहिला नव्हता. त्यांनी लगेच हो म्हटलं. तेव्हापासून सर जे म्हणतील ते मी प्रमाण मानत आले. घरी आईनं काही सांगितलं तर मी फाटे फोडायचे, सरांनी सांगितलं की गप्प.

सरांनी चावी हातात घेतली, भोकातून खिडकीकडे पाहिलं आणि हसले.

“आरपार आहे,” ते म्हणाले.

“सर, आता माझं काय?”

“बस आधी. पाणी पी.” त्यांनी स्वतः ग्लास पुढे केला. “भोकाचं कळलंय मला. पुण्याच्या वितरकाशी बोललोही आत्ताच. खराब झालेली चावी परत पाठवली आणि विद्यापीठाचं पत्र जोडलं की कंपनी नवी देते. अडचण कंपनीची नाहीच. अडचण आपल्या फाइलची आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे पत्र निघायचं तर चावी कशी बिघडली हे लिहावं लागणार. भांडारानं भोक पाडलं असं लिहिलं तर भांडार म्हणणार, आम्हाला सांगितलं म्हणून पाडलं. मग कुणी सांगितलं? विभागातल्या शिक्षकानं. शिक्षकाचं नाव आलं की चौकशी समिती. समितीची पहिली बैठक दिवाळीनंतर. तुझा जून कुठं गेला?”

सर पेनचं टोपण उघडझाप करत राहिले.

“आणि विद्यार्थ्याच्या हातून अनवधानानं झालं असं लिहिलं,” ते हळूच म्हणाले, “तर विभागप्रमुखांच्या अधिकारात संपतं. ‘समज देण्यात आली’ एवढा शेरा मारायचा, फाइल बंद. आठवड्यात पत्र निघेल.”

“कुठल्या विद्यार्थ्याच्या?”

सरांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्या नजरेत इतकी माया होती की प्रश्न विचारल्याची मलाच लाज वाटली.

“मी आहे ना,” ते म्हणाले. “हा कागदाचा खेळ आहे, वैजयंती. कागदावर कुणीतरी चुकल्याशिवाय इथं काही हलत नाही. उद्या कोण बघतंय ते? तुला चावी हवी आहे की नाही?”

मला चावी हवी होती. सरांनी मजकूर सांगितला आणि मी त्यांच्यासमोर बसून लिहिला. ‘मी खाली सही करणारी संशोधक विद्यार्थिनी असे लिहून देते की, सदर चावी हरवू नये या हेतूने मी माझ्या अनवधानाने तीस छिद्र पाडले.’ माझ्याकडे ड्रिल कुठून आलं असतं, हे कुणी विचारणार नव्हतं. लिहिताना हात एकदा अडखळला, तेव्हा सर म्हणाले, “अक्षर छान आहे तुझं.” मी सही केली. खरं सांगते, त्या क्षणी मला वाईट वाटलंच नाही. उलट आपण विभागासाठी काहीतरी झेललं असं वाटून छाती थोडी फुगलीच होती.

सर म्हणाले तसंच झालं. वर्षानुवर्षं न हलणाऱ्या फायली जिथं असतात, तिथं माझी फाइल तुरुतुरु धावली. मे सरायच्या आत पुण्याहून पार्सल आलं. नवी चावी, नवी कोरी, भोकाशिवायची. विभागप्रमुख बोधनकर सरांनी संगणकाला हळदकुंकू वाहून नारळ फोडला. खोबऱ्याचे तुकडे वाटले गेले. मी माझा तुकडा तोंडात टाकला, चपला काढल्या आणि कक्षात शिरायला लागले.

दाराशी कक्षाच्या सहायक नातू बाई बसायच्या. त्यांनी हात आडवा केला.

“वैजयंती, तुला नाही गं सोडता येणार.”

मला वाटलं त्या थट्टा करतायत. “का? हळदकुंकू लावून येऊ?”

“फाइलवर शेरा आहे. सदर विद्यार्थिनीस यापुढे कक्षातील उपकरणे हाताळण्यास देऊ नयेत. मला सही करायला लावलीय त्यावर. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे बाई.”

मी तशीच अनवाणी बोधनकर सरांच्या खोलीत गेले. ते चहा पीत होते. त्यांना विद्यार्थ्यांची नावं लक्षात राहत नसत, आडनावं राहत.

“ढवळे, काय झालं?”

“सर, तुम्ही मला कक्षात यायला बंदी केलीय?”

“मी?” त्यांनी कप खाली ठेवला. “मी कशाला करू? मी ‘समज दिली’ एवढंच लिहिणार होतो. तुमच्या उटगीकरांनीच आग्रह धरला. म्हणाले, ही अट घाला म्हणजे प्रकरण आपण गांभीर्यानं घेतलं असं दिसेल, वरून शंका येणार नाही. मसुदासुद्धा त्यांचाच.” मग माझा चेहरा बघून ते जरा वरमले. “मला वाटलं तुम्हा दोघांचं बोलणं झालेलं आहे.”

बोलणं झालेलं नव्हतं. पण सरांवर माझा असा काही विश्वास होता की जिना चढून त्यांच्या खोलीपर्यंत जाईतो मी त्यांची बाजू मनात मांडूनही टाकली. घाईत सांगायचं राहिलं असेल. अट नावापुरती असेल.

“अगं, नावापुरतीच आहे ती,” सर म्हणाले, जणू माझ्या मनातलं वाचून. “लगेच काढली तर लोक म्हणतील प्रकरण बनावट होतं. विद्यापीठाची पाहणी करायला मूल्यांकन समिती येतेय, ती येऊन जाऊ दे, मग काढू.”

“सर, जून लागतोय.”

“म्हणून तर मी सोय केलीय. तुषार बसेल संगणकावर. तू दारात उभी राहून सांग, तो टाइप करेल. हाताळायचं नाही असा शेरा आहे, बोलायचं नाही असा नाही!” ते स्वतःच्या विनोदावर हसले. मलाही हसावं लागलं.

तेव्हा मी उलटून बोलायला हवं होतं असं आज कुणालाही वाटेल. आता मी एका ज्युनियर कॉलेजात गणित शिकवते, आणि पोरं अन्यायाबद्दल तावातावानं बोलतात तेव्हा मला त्यांचा हेवा वाटतो. पण गळ्यापर्यंत मुदत आली की माणूस दारात उभं राहायलाही तयार होतं. मी उभी राहिले.

कक्षाचा आकार लांबट होता आणि चावीचा संगणक पार टोकाला, वातानुकूलन यंत्राखाली. दारातून मला तुषारची पाठ दिसायची, पडदा दिसायचा नाही. यंत्र घरघरत असायचं. मी ओरडून ओरडून सांगायची आणि तो टाइप करायचा. जुन्या फायली बिघडलेल्या चावीबरोबर गेल्या नव्हत्या, पण नव्या चावीबरोबर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आल्यामुळे मधले काही भाग नव्यानं लिहावे लागले.

“आता पाऊस मुरतो तो मिळव,” मी ओरडले. “आणि उपसा वजा कर.”

“केला.”

“वाचून दाखव.”

“केला ना बाबा! किती वेळा वाचू? गर्मीनं नाही, तुझ्या ओरडण्यानं डोकं उठलंय.”

नातू बाई मधे बसून स्वेटर विणत होत्या. त्यांनी माझ्याकडे केविलवाणं पाहिलं आणि पुन्हा टाके मोजू लागल्या. अशी दुपार गेली, दुसरी गेली, तिसरीही गेली. माझा घसा बसला. शेवटी एका दुपारी तुषार खुर्चीवरून उठून दोन्ही हात वर करून ओरडला, “आला! आलेख आला!”

सर धावत आले. बोधनकर सरही आले. तुषारनं आलेख रंगीत छापला आणि तो सगळ्यांच्या हातांतून फिरत शेवटी दाराशी माझ्याकडे आला.

निळी रेघ मोठी डौलदार होती. जुलैत चढली, सप्टेंबरात आणखी चढली. दिवाळीनंतर उतरायला हवी होती, ती चढतच होती. आणि मे महिन्यात, आमच्या भागात जेव्हा विहिरीच्या तळाशी पोहरा दगडावर आपटतो तेव्हा, ती रेघ पार वरच्या कडेला टेकली होती.

“सर, हे चुकलंय,” मी म्हणाले. आवाज बसलेला, त्यामुळे कुणी ऐकलं नाही. मी पुन्हा म्हणाले. “तुषारनं उपसा वजा करायच्या ऐवजी मिळवलाय. मे महिन्यात विहिरी भरताना दाखवतोय हा आलेख.”

“बघू,” तुषार म्हणाला आणि पडद्याशी जाऊन परत आला. “असेल. एक चिन्ह बदलायचं ना, बदलू.”

“आत्ता बदल. मग सगळं पुन्हा चालवावं लागेल. रात्रभर लागेल त्याला.”

“रात्रभर?” बोधनकर सर दचकले. “समिती उद्या सकाळी येतेय. आलेख भिंतीवर लावायचाय, फ्रेमवाला खाली उभा आहे.”

उटगीकर सरांनी माझ्या हातातून आलेख हळूच काढून घेतला. “दिसायला छान आहे,” ते म्हणाले. “उद्या हाच लावू. समिती काय विहिरी मोजायला येणार आहे? ती गेली की तू सावकाश दुरुस्त करून घे. मी सांगतो ना.”

तिथं उभे असलेले सगळे याच जिल्ह्यातले होते. बोधनकर सरांच्या घरी तर बागायत होती. मे महिन्यातली विहीर कशी असते हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. पण कुणी आलेख वाचतच नव्हतं, नुसता बघत होते. मला संताप आला. तरी मनात हिशेब चालूच होता. समिती उद्या, दुरुस्ती परवा, आलेख तेरवा, प्रबंध जूनअखेर. अजून जमेल.

संध्याकाळी फ्रेम होऊन आली. पाठोपाठ चिंचोलकर डबा आणि ब्रश घेऊन हजर. फ्रेमही आता विद्यापीठाची वस्तू झाली होती. ते मागच्या पुठ्ठ्यावर नंबर रंगवत होते आणि मी बाजूला स्टुलावर बसले होते.

“बाई, माझ्यावर राग हाय का तुमचा?” त्यांनी ब्रशवरची नजर न हलवता विचारलं.

“कशाचा?”

“तुमच्यावर आलं म्हणं सगळं. भोक तर म्या पाडलं. नातू बाई सांगू लागल्या, तुम्ही लिहून दिलं म्हणून.”

“तुम्हाला ठाऊक नव्हतं, चिंचोलकर. तुम्हाला काय बोलायचं?”

“ठाऊक नव्हतं म्हणूनच तर इचारायला गेलतो की,” चिंचोलकर म्हणाले. “म्या काय मनानं पाडतो व्हय? उटगीकर सराकडं चावी घेऊन गेलो. म्हणलं, सर, रंग बसंना, भोक पाडू का? सर फोनवर होते. हातानं असं केलं, पाडा म्हणले. जावा, पाडा, डोकं खाऊ नका, म्हणले.”

‘विभागातल्या शिक्षकानं’ असं सर म्हणाले होते तेव्हा तो शिक्षक कोण हे मी विचारलं नव्हतं, कारण तो प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. जूनमध्ये सरांची प्राध्यापकपदाची मुलाखत होती. हे विभागात सगळ्यांना माहीत होतं, मलाही होतं. चौकशी त्यांच्यावर बसली असती तर मुलाखत गेली असती. माझा जून वाचवताना ते स्वतःचा जून वाचवत होते, आणि दोघांचा वाचत असेल तर माझी हरकत नव्हती, खरंच नव्हती. फक्त त्यांनी मला ते सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर मी तरीही लिहून दिलं असतं. माझी तडफड त्याचीच होती.

दुसऱ्या दिवशी समिती आली. दारात रांगोळी, मुलींच्या डोक्यात गजरे, पेढ्यांची तबकं. मला आलेखाशेजारी उभं केलं नव्हतं, तिथं तुषार होता, टाय लावून. मी समोरच्या भिंतीपाशी होते. चिंचोलकर तबक घेऊन उभे होते. समितीतले दोन सदस्य आलेखाकडे एक नजर टाकून पुढे गेले. तिसरे वयस्कर होते, कापडी पिशवी खांद्याला लावलेले. ते थांबले. चष्मा वर करून त्यांनी आलेख खालून वर आणि वरून खाली वाचला. माझ्यानंतर तो वाचणारा पहिला माणूस.

“हा मे महिना ना?” त्यांनी तुषारला विचारलं.

“हो सर.”

“तुमच्याकडे मे महिन्यात विहिरी भरतात?”

तुषारनं वळून उटगीकर सरांकडे पाहिलं. बोधनकर सर खाकरले. मला मात्र एकदम उजेड पडल्यासारखं झालं. कुणीतरी विचारलं होतं. आता सांगता येईल की उपसा वजा करायच्या जागी मिळवला गेलाय, की गणित बरोबर आहे, एका रात्रीचं काम आहे, फक्त मला त्या खुर्चीत बसू द्या. मी एक पाऊल पुढे टाकलं.

“त्याचं काय आहे सर,” उटगीकर सर माझ्याआधी बोलले, “हे काम आमच्या एका विद्यार्थिनीचं आहे. तुषार बिचारा फक्त मदतीला होता. मुलगी मेहनती आहे हो, पण जरा वेंधळी आहे. हिनंच मागे आमच्या सॉफ्टवेअरच्या चावीला भोक पाडून ठेवलं होतं.”

“चावीला भोक?” ते वयस्कर पाहुणे चकित झाले.

“हरवू नये म्हणून!”

सगळे हसले. मोकळे, भरघोस हसले. इतका वेळ अवघडलेल्या माणसांना सुटकेचं निमित्त मिळालं होतं. पाहुणेही हसले आणि सरांच्या नजरेच्या दिशेनं वळून माझ्याकडे बघू लागले. त्यांच्या डोळ्यांत टवाळी नव्हती. कीव होती.

“भोक मी पाडलं नाही,” मी म्हणाले.

हसणं थांबलं.

“चिंचोलकरांना विचारा. चिंचोलकर, तुम्हीच सांगा, भोक कुणी पाडलं, कुणाला विचारून पाडलं?”

चिंचोलकरांच्या हातातलं तबक थोडं कललं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बोधनकर सरांकडे, मग उटगीकर सरांकडे. त्यांना दोन मुली होत्या आणि निवृत्तीला अजून बरीच वर्षं होती. “मला काई आठवत न्हाई बाई,” ते पुटपुटले आणि पेढे घेऊन पुढच्या खोलीत निघून गेले. मला त्यांचा राग आला नाही. आजही येत नाही.

उटगीकर सर माझ्याजवळ आले. आमच्या ओसरीवर वडिलांशी बोलले होते त्याच आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या बेतानं, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “वैजयंती, अशी चिडू नकोस. तूच लिहून दिलं आहेस ना, बेटा? बोधनकर सर, ती फाइल मागवता जरा?”

फाइल आली. पाहुण्यांनी ती चष्म्याजवळ धरून वाचली आणि मिटली.

“हे अक्षर तुमचंच ना?” त्यांनी मला विचारलं. ते खरंच समजून घ्यायचा प्रयत्न करत होते. एकट्या त्यांनीच केला.

अक्षर माझंच होतं.

“सावकाश करत जा, बाई,” पाहुणे म्हणाले. “गणितात घाई उपयोगाची नाही.” आणि पिशवी सावरत ते पुढच्या दालनाकडे गेले. त्यांच्यामागून बाकीचे गेले. तुषारनं जाता जाता फ्रेम भिंतीवरून उतरवली आणि कपाटामागे पालथी लावून ठेवली.

ती अट कुणी काढली नाही. वेंधळ्या मुलीच्या हाती चावी द्यायची कशी, असं आता खुद्द समितीपुढे ठरलं होतं. मी रोज दाराशी जाऊन उभी राहायची. तुषारला वेळ नसायचा, त्याचं स्वतःचं काम सुरू झालं होतं, आणि चिन्ह बदलून रात्रभर माझा प्रोग्राम चालवायला तो संगणक सोडत नसे. आत हिरवा दिवा लागलेला मला दारातून दिसायचा. जूनच्या शेवटच्या दिवशी नातू बाईंनी विणकाम बाजूला ठेवलं, उठून माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, “आता घरी जा गं. उद्यापासून तू इथली विद्यार्थिनी नाहीस, तुला इथं उभंसुद्धा राहू देता येणार नाही.”